माथ्याला लावलेलं सोनं

मामाजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालं आहे. तेव्हा आज मी तुम्हाला चार शब्द सुनावले तर सून डोक्यावर चढली असं कोणी म्हणायला नको. म्हणणारे सगळे गेलेच आहेत म्हणा. मी धाकट्या मुलाकडे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहते. काल त्याने मला चंद्रपूरला दातांच्या दवाखान्यात नेलं. खालची दाढ पोखरली होती, तिच्यावर टोपी बसवायची होती. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. ती टोपी हातात घेऊन दाखवायला लागली तेव्हा मी विचारलं, आतून धातू आणि वरून चिनी माती, मग हे एकमेकांना धरून कसं राहतं. पोरगी हसली. म्हाताऱ्या बायका तिला असलं काही विचारत नसतील. म्हणाली, "आजी, आधी धातूवर बारीक वाळूचा मारा करतात, मग धुतात, मग नुसताच भट्टीत तापवतात. त्याच्यानंतर हात नाही लावायचा, चिमट्यानंच उचलायचा. बोट जरी लागलं तरी वरचा थर सुटून येते. अंगाचं तेल असते ना आपल्या." एवढं बोलून ती पुढच्या कामाला लागली. मी त्या खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि डोळ्यांतून पाणी. तिने विचारलं, "दुखते का?" मी मान हलवून हो म्हटलं. दुखत काहीच नव्हतं, इंजेक्शनने अर्धा गाल बधिर होता. राग आला होता मला, आणि तो सगळाच्या सगळा तुमच्यावरचा होता.

मी चिमूरहून तुमच्या घरी आले तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. घर सोनाराचं, माझं माहेरही सोनाराचंच, पण दागिने घडवणं तुम्ही केव्हाच सोडलं होतं. नागपूरचे एक दातांचे डॉक्टर महिन्यातून दोनदा चांद्याला येत, त्यांच्यासाठी तुम्ही सोन्याच्या टोप्या ओतत होता, कवळ्या करत होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तुमचा मुलगा आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. म्हणजे घरात तुम्ही आणि मी, आणि मधल्या खोलीत, चुलीच्या भिंतीला लागून, तुमचं काम. पहिले सहा महिने आपण जेवण वाढलं, पाणी तापलं, एवढ्यापलीकडे बोललो नाही. त्या खोलीत मी केर काढायला जायची आणि तुमच्या बाकावर मांडलेल्या दातांच्या साच्यांकडे बघत उभी राहायची. कोणाकोणाची उघडी तोंडं ती, ओळीने ठेवलेली. मला त्यांची भीती वाटली नाही, गंमत वाटली.

काम तुम्हीच शिकवलंत, हे मी नाकारत नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. सोनं ओतायला हाताचा अंदाज पुरतो, पण दाताचा रंग डोळ्यालाच दिसावा लागतो. पिवळट, करडट, टोकाला निळसर अशा चिनी मातीच्या पुड्या डॉक्टर आणून देत आणि तुम्हाला त्या सगळ्या सारख्याच दिसत. एक दिवस तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहता. मी भाकरी थापते आहे. तुम्ही दोन पुड्या पुढे करता आणि विचारता, "सुनबाई, यातली पिवळी कोणती?" मी पिठाच्या हाताने दाखवते. तुम्ही पाठ करून दोन्हींची अदलाबदल करता आणि पुन्हा विचारता. मी पुन्हा बरोबर सांगते. "हात धुवून ये इथी," तुम्ही म्हणता, आणि तव्यावरची भाकरी करपून जाते.

त्या दिवसापासून मी बाकाशी आले. काचेच्या तुकड्यावर माती आणि पाणी कालवायचं, बारीक कुंचल्याने एकेक थेंब ठेवायचा, साच्याला हलकेच टिचक्या मारायच्या की पाणी वर येतं, ते टिपकागदाने टिपायचं. मग पुन्हा थेंब. दुपारभर एकच दात. कोणी हाक मारू नये, दुधवाला येऊ नये, असं वाटायचं. तुम्ही पाठीमागे बसून चुका काढायचा. "घाई कायची आहे तुले, दात आहे थो, भात नाई." तुमच्या बाकाची उंची तुमच्या बेताची होती. मला उभ्यानेच करावं लागायचं, कंबर भरून यायची. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. पण पुढच्या खेपेला तुमचा मुलगा आलापल्लीहून आला तो बसच्या टपावर एक सागवानी स्टूल घालून, अगदी माझ्या मापाचं. तुम्ही चिठ्ठी पाठवून करवून घेतलं होतं, माप म्हणून दोरी पाठवली होती. माझ्या मापाचं असं त्याआधी कोणी काही करून दिलं नव्हतं मला. त्या स्टुलापायी मी पुढे तुमचं पुष्कळ सोसलं, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी ते नवं काम आणलं. तोवर चिनी मातीचा दात वेगळा असायचा आणि सोन्याच्या पाठीला खिळीने अडकवायचा. डॉक्टरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की माती सरळ धातूवरच भाजता येते, दोन्ही एकजीव होतात. त्यासाठी वेगळं सोनं, त्यात प्लॅटिनम मिसळलेलं, भट्टीत वितळू नये म्हणून. वेगळी माती. आणि त्यांच्या नागपूरच्या दवाखान्यातली जुनी विजेची भट्टी, दुधाच्या कॅनएवढी, पुढे एक बारकं भोक. त्या भोकातून आत बघत बसायचं. पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग आला की काढायचं. शेजारची धानाची गिरणी सुरू झाली की विजेचा जोर उतरायचा आणि रंग चढता चढता अडायचा. डॉक्टरांनी पायऱ्या वाचून दाखवल्या, तुम्ही दोनदा म्हणवून घेतल्या. धातूची टोपी दगडी चाकावर खरखरीत करायची, तेजाबात उकळायची, साध्या पाण्यात उकळायची, मग नुसतीच भट्टीत तापवायची म्हणजे तिच्यावर करडट साय धरते. त्या सायीवर मातीचा पहिला थर. सगळं कसब त्या सायीचं. ती नीट असली तर माती धरते, नाहीतर थंड होताना टवका उडतो.

तुम्ही त्यात आपल्या घरची एक पायरी घातलीत. तापवलेली टोपी निवली की तुम्ही ती दोन बोटांत उचलायचात, माथ्याला लावायचात आणि मग माझ्यापुढे ठेवायचात. सोनं आगीत जाण्याआधी माथ्याला लावायचं, ही आपल्यातली रीत. माझे वडीलही लावत. घरातल्या बायकांनी ते करायचं नसतं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. सकाळी आंघोळ करून, डोक्याला तिळाचं तेल थापून, गंध लावून तुम्ही बसलेले असायचात आणि त्या इवल्याशा टोपीला मान द्यायचात, ते बघायला मला बरंच वाटायचं.

थंडीत केलेले काही दात टिकले. उन्हाळा लागला तसे सुटायला लागले. भट्टीतून काढताना दिसायचा सुंदर, आणि निवताना टक् असा आवाज यायचा, की समजायचं गेला. कधी तेव्हा काही व्हायचं नाही, महिन्याने माणसाच्या तोंडात व्हायचं. गडचिरोलीच्या शाळेतली एक मास्तरीण होती, समोरचा दात पडलेली. तिला डॉक्टरांनी आपला दात बसवला होता. वर्गात शिकवता शिकवता तिच्या दाताची पुढची सगळी माती गळून पाटीवर पडली आणि मागचा धातू उघडा पडला. पोरं हसली. ती तो तुकडा रुमालात बांधून, तोंडाला पदर लावून, तशीच बसने चांद्याला आली. तुम्ही तिला ओसरीवर बसवलंत, मला आतून बोलावलंत आणि तिच्यासमोर उभं केलंत.

"हिच्यामुळं झालं हे," तुम्ही म्हणालात. "सोनं माह्यं चोख आहे. माती हिनं लावली. हिच्या हाताले गुण नाई."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. पदर अजून तोंडावर. तिचा दात मी केला होता, दोन दिवस घालवून, शेजारच्या दातावर होती तशी बारीक पांढरी रेघसुद्धा काढली होती. ती गेल्यावर तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत आणि मग, माझ्याकडे न बघता, विचारलंत की तो दात भाजला तेव्हा मी बाहेरची होते का. विटाळशी बाईला आपल्याकडे बाहेरची म्हणत. सासऱ्याने सुनेला असं विचारायचं नसतं, मामाजी. मी लाजेने नाही म्हणाले. तुम्हाला पटलं नाही. आदल्या-नंतरच्या दिवसांचाही वास राहतो म्हणालात.

आणि मग तुम्ही तो खिळा ठोकलात. पुन्हा तोंडाने विचारायला नको म्हणून. कामाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. ज्या दिवशी मी बाहेरची, त्या दिवशी सकाळीच ती किल्ली मी ओसरीवरच्या खांबाच्या खिळ्याला अडकवायची, म्हणजे तुम्हाला कळेल. तुम्हालाच कळलं असतं तर गोष्ट वेगळी. ओसरी रस्त्यावर होती. डॉक्टरांना कळायचं, दुधवाल्याला कळायचं, गिरणीवर धान घेऊन चाललेल्या माणसांना कळायचं. समोरच्या काकू मोठ्याने म्हणायच्या, "आज किल्ली टांगली का वो?" चार दिवस मी मागच्या पडवीत गोणपाटावर. आणि आत तुम्ही, डोळ्यांना नीट दिसत नसताना, माती लावायला बसलेले. मला पडवीत ऐकू यायचं, टक्. मी नसताना, माझा हात लागला नसताना. बाहेर येऊन तुम्ही म्हणायचात, "हवा लागली तुही." तो आवाज ऐकून मला आनंद व्हायचा. पहिल्यांदा कोणाच्या कामाचं वाटोळं होताना मला आनंद झाला तो तेव्हा, आणि तो आनंद तुम्ही शिकवलात.

त्या पावसाळ्यात तुम्हाला हिवताप आला. अकरा दिवस अंथरुणात. आंघोळ नाही, तेल नाही, खोलीकडे फिरकणं नाही. डॉक्टरांच्या पाच टोप्या तुम्ही ओतून, उकळून तयार ठेवल्या होत्या आणि त्यांचा निरोप आला होता की माणसं खोळंबली आहेत. मी खोली उघडली. टोप्या मी पुन्हा उकळल्या, चिमट्याने उचलून भट्टीत तापवल्या, चिमट्यानेच काढल्या. माथ्याला लावायचा प्रश्न नव्हता, मी बाईमाणूस. पाचही दात भाजले. त्यातले दोन मी माझ्या बाहेरच्या दिवसांत भाजले. किल्ली टांगली नाही. टांगून बघणार कोण होतं, तुम्ही तापात बरळत होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. दुसरा दात निवेपर्यंत मी खोलीच्या दारात उभी राहिले, आत जायला धजत नव्हते. आवाज आला नाही. पाचांतला एकही सुटला नाही.

मग मी विचार करत बसले की या पाचांत आणि बाकीच्यांत फरक काय. तव्यावर पहिलं धिरडं घालताना तेल जास्त झालं तर पीठ धरत नाही, नुसतं घसरतं, एवढं मला कळत होतं. ओतताना बिघडलेली एक टोपी पडली होती. ती मी घासून, उकळून, तापवून घेतली आणि माझ्या केसांवरून बोट फिरवून ते तिच्या एका बाजूला टेकवलं. दुसरी बाजू तशीच ठेवली. दोन्हींवर सारखी माती लावून भाजली. बोट लागलेल्या बाजूची माती नखाने निघाली, आतून बारीक बुडबुड्यांनी भरलेली. दुसरी बाजू मी दगडावर आपटली तरी निघेना. मी तो तुकडा हातात धरून स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि हसले. मला वाटलं, सुटले मी. मला खरंच वाटलं की तुम्हाला दाखवलं की तुम्ही म्हणाल, अरे, एवढंच होतं का.

तुम्हाला बरं वाटायला लागल्यावर मी पाचही दात आणि तो तुकडा ताटलीत घालून तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसला आहात. मी सांगते, मामाजी, तेलाने होतं ते. माथ्याला लावता ना, तिथलं तेल लागतं.

तुम्ही ताटलीकडे बघतसुद्धा नाही. "माह्या माथ्यानं नासते?" तुम्ही विचारता. "माह्या बापानं लावलं, त्याच्या बापानं लावलं. तू मले शिकवून राह्यली?"

"तसं नाई जी. तुम्ही लावा माथ्याले, मी मागून धुवून घेतो."

"माथ्याले लावलेलं सोनं धुतेत का कोणी? विटाळ कुठचा आहे थे मले माहीत आहे."

तिथे माझा तोल गेला. मी म्हणाले, यातले दोन मी त्याच दिवसांत भाजले, बघा, दाखवा कोणते दोन ते. तुम्ही उठलात. ताटली घेऊन बाकाशी गेलात आणि ऐरणीवर ठेवून एकेक दात हातोडीने फोडलात. पाचही. पाच माणसांच्या तोंडात जायचे होते ते, मामाजी. अकरा दिवस मी तुमची पेज करून, तुमची अंथरुणं बदलून, मधल्या वेळात केलेले. आणि ते नीट फुटेनातसुद्धा. हातोडीखाली सोनं वाकलं, चेपलं, वरची माती चुरली, पण धातूला लागून तिचा पातळ थर राहिला तो राहिलाच. तुम्ही पुन्हा मारलंत. तरी राहिला. तुम्ही वाकून तो बोटाने चाचपलात, नखाने खरवडलात. मी समोर उभी होते, मी पाहिलं. धरलेली माती कशी असते हे तुमच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तुम्हाला त्या क्षणी कळलं. तरी तुम्ही सगळ्या भट्टीवर गोमूत्र शिंपडलंत आणि मला म्हणालात, पुन्हा तिच्याजवळ दिसलीस तर चिमूरला पोचवून देईन.

तुमचा मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो चांगला माणूस होता, वाईट बोलत नाही मी त्याला. म्हणाला, "बाबाले कोण सांगन? मन्तेत तसं करत जाय न." आठ दिवसांनी तुम्हीच दारात येऊन उभे राहिलात. "रंग दिसत नाई मले. ये." एवढंच. आणि मी गेले. माझं मला नवल वाटतं, पण मी हात धुऊन लगेच गेले, कारण आठ दिवस कुंचला हातात नव्हता तर मला अन्न गोड लागत नव्हतं.

पण आता मी शहाणी झाले होते. तुम्ही टोपी माथ्याला लावून माझ्यापुढे ठेवायचात आणि देवाला उदबत्ती लावायला आत जायचात. तेवढ्यात मी ती चिमट्याने उचलून चुलीवरच्या उकळत्या भांड्यात सोडायची, पुन्हा भट्टीत नुसतीच तापवायची, साय धरली की माती घ्यायची. किल्ली टांगलेल्या दिवसांचं काम मी तुम्हाला मागे ठेवायला लावलं, तुमचे डोळे दुखतात म्हणून. त्यानंतर दात सुटले नाहीत. गडचिरोलीच्या मास्तरणीला नवा करून दिला तो तिने म्हातारपणापर्यंत वापरला. डॉक्टर खूश. तुम्ही त्यांना ओसरीवर बसवून, त्या खांबाकडे बोट करून सांगायचात, "नेम पाळला का धरते. न पाळला का सुटते. बस." मी आत चहा गाळत ते ऐकायची. माझ्याच हाताच्या कामाची साक्ष तुम्ही माझ्याविरुद्ध काढत होता. याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

आणि याहून मोठा राग सांगते. तुम्हाला माहीत होतं. एकदा तुम्ही उदबत्ती अर्धवट टाकून परत आलात, मी चिमटा घेऊन चुलीशी, टोपी पाण्यात. तुम्ही उंबऱ्यावर थांबलात आणि मागे फिरलात. दुसऱ्या दिवसापासून तुमची पूजा लांबली. आणि परत येताना तुम्ही खोलीबाहेर खोकायला लागलात. खोकला नव्हता तुम्हाला, हिवताप जाऊन वर्ष झालं होतं. मला सावरायला वेळ मिळावा म्हणून खोकत होता तुम्ही. म्हणजे मी धुते हे तुम्हाला मान्य होतं, फक्त ते कोणी पाहिलेलं, कोणी बोललेलं चालणार नव्हतं. तुमचा माथा राखायला मी महिन्याचे चार दिवस रस्त्यावर टांगली जावी, हे तुम्ही डोळे उघडे ठेवून, मोतीबिंदूचे का होईनात, ठरवलं होतं. रोज सकाळी खोकायचात. एकदा तरी तो खिळा उपटला असतात तर मी आज हे लिहायला बसले नसते.

लोक शिकायला यायला लागले. नागपूरचा एक कारागीर आला, त्याच डॉक्टरांच्या ओळखीचा. त्याचे दात सुटत होते. त्याच्याबरोबर त्याची बहीण होती, तिशीची, विधवा, पांढरं पातळ नेसलेली. भावाकडे मातीचं काम तीच करायची. पुरुष ओसरीवर बसले, ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात. तिने आल्या आल्या माझे दात बघायला मागितले. मी एक दाखवला. तिने तो उजेडाकडे धरला, कडेने फिरवला आणि म्हणाली, "टोकाले निळा किती जरासाच ठेवला तुम्ही. मले नाई जमत असं." इतक्या वर्षांत माझ्या कामातलं कोणी काही पाहिलं असेल तर तिने. आम्ही दोघी पुड्या, कुंचले, पाणी याबद्दल बोलत राहिलो. बाहेरून तुमचा आवाज येत होता, नेम, किल्ली, बायकांचा हात. ती ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, "खरंच त्याच्यानं होते का वो? तुमचे टिकतेत. आमचे काऊन नाई टिकत?"

घरी गेल्यावर तिच्या भावाने तिला बाकावरून उठवलं. डॉक्टरांकडूनच कळलं मला, पुढच्या खेपेला. वर्षभरात त्याने तिला कुठल्याशा खेड्यात चुलत्यांकडे पाठवलं, शेणगोठ्याला. तिचा भाऊही सोनारच होता, तोही माथ्याला लावत असणार. त्याचे दात पुढेही सुटतच राहिले असतील. हे सगळं तुमच्या तोंडून निघालं, आणि काल त्या खुर्चीत पडल्या पडल्या मला पहिल्यांदा तिचीच आठवण आली, म्हणून मी इतकं खडसावून लिहिलं तुम्हाला. पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर पोरं वाचतील. फाडून टाकेन.

पण तिने विचारलं तेव्हा तुम्ही ओसरीवर होता. दार लोटलेलं होतं. चुलीवर तेच भांडं उकळत होतं. तिला सांगायला मला चार शब्दही लागले नसते. मी म्हणाले, "हो जी, नेमच आहे." तुमच्या भीतीने म्हणाले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. भीती नव्हती, मामाजी. तिने माझा दात उजेडाकडे धरला होता, आणि तसा दात करणारी मी एकटीच असावी असं मला वाटलं.